जुन्या भावाचा भाव

आमच्या पवनीत धानाचा आजचा भाव कोणीही फुकट सांगेल. पण मागल्या पोळ्याला काय भाव होता हे विचारायचं, तर दिवाणजींकडे चहापत्ती आणि साखरेची पुडी घेऊन जावं लागे. आणि पाच वर्षांपूर्वीच्या पोळ्याचा भाव हवा असेल तर घरून जेवणाचा डबा. दोघांचा. पुन्हा दिवाणजींच्या सोबत बसून जेवायचंही.

डोमाजी दिवाणजी माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. उभा जन्म एका अडत्याकडे धानाच्या वह्या लिहिल्या, आणि नोकरी सुटली तरी भावाचा नाद काही सुटला नाही. रोज दुपारी बाजारात चक्कर मारायची, भाव विचारायचा, घरी येऊन आलेखाच्या कागदावर एक ठिपका द्यायचा आणि पट्टी लावून कालच्या ठिपक्याशी जोडायचा. एका वर्षाचा एक कागद. दुष्काळाच्या साली भाव कागदाच्या वरून बाहेर निघाला, तर यांनी वर दुसरा कागद चिकटवला, मग तिसरा. हे आलेखाचे कागद, बरं का, माझ्या शाळेतून न्यायचे. फुकट.

उधई, म्हणजे वाळवी, लागेल म्हणून कागद बांबूच्या नळ्यांत गुंडाळून आढ्याला टांगलेले असत. चालू साल हाताशी, मागची सालं वर. जितकं जुनं तितकं उंच आणि तितकंच महाग. मी एकदा रस्त्यात गाठून म्हटलं, अहो दिवाणजी, शिळ्या भाजीची किंमत उतरते, मग शिळ्या भावाची चढते कशी? त्यांनी माझी कीव केल्यासारखं पाहिलं.

"नवा भाव त साऱ्या गावाजवळ आहे मास्तर. जुना फक्त माह्याजवळ."

नियम कडक होते. कागद डोळ्यांनी पाहायचा. पेन्सिल चपलांसोबत दाराबाहेर. डोक्यात मावेल तेवढं न्यावं. लाखांदूरकडचा एक शेतकरी आकडे पुटपुटत एसटी स्टँडपर्यंत गेला, तिथे कोणीतरी त्याला वेळ विचारली आणि बिचाऱ्याचे सगळे आकडे सांडले. परत आला तर दिवाणजींनी पुन्हा चहापत्ती मागितली. "पाहनं येगळं, पुन्हा पाहनं येगळं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

वर्षाची वर्गणीही होती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अक्तीला, सालगड्याचा करार होतो तशी अक्ती ते अक्ती. वर्गणीदाराला सगळी सालं खुली, मात्र आठवड्यातून एकदा यायलाच पाहिजे. दोन आठवडे चुकले की वर्गणी रद्द. माल उचलला नाही म्हणून गिऱ्हाइकाला हाकलणारं दुकान मी दुसरं पाहिलं नाही.

मला या माणसाचा भारी राग यायचा. धान आता विकावं की होळीपर्यंत ठेवावं, एवढंच पाहायला शेतकरी येतो, आणि हे त्याला दोन तास बसवून ठेवतात. आधी चहा. मग म्हैस, जावई, गुडघे यांची विचारपूस. त्यानंतर कुठे नळी खाली येणार. फुकट्या म्हातारा, असं मी मनात म्हणायचो, आणि घरात मोठ्यानेही.

अशात वरठीकडचा एक राईस मिलवाला फटफटीवर आला. भंडाऱ्याला तेव्हा नुकतंच झेरॉक्सचं यंत्र आलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. सगळे कागद आठ दिवसांसाठी द्या, नकला काढून परत करतो. नकला मिलच्या भिंतीवर लावीन, ज्याला पाहायच्या त्याने पाहाव्या. बदल्यात दिवाणजींच्या गळक्या घरावर नवीन कवेलू, म्हणजे कौलं, घालून देतो. दिवाणजी ऐकेनात, म्हणून त्याने मला मध्ये घातलं. मी तर टपूनच बसलो होतो.

गेलो आणि चांगलं झाडलं. म्हटलं, लोक तुमच्यासाठी डबे वाहून थकले, पावसाचं पाणी त्याच कागदांवर गळून राहिलं, आणि तुम्हाला एवढा कसला लोभ? या नळ्या काय वर घेऊन जाणार आहात?

दिवाणजी धोतराच्या सोग्याने पट्टी पुसू लागले.

"माही बुढी गेली मास्तर, त वर्षभर ह्या दारात कोनी चपला काढल्या नाही. मंग एक जन भाव पाहाले आला. मंग दुसरा आला. आता कागद मिलच्या भिंतीवर लागले, त माह्या घरी कोन कायले येईन?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि त्या दारात माझ्या चपला निघाल्या त्या भांडायला. स्वतःची लाज वाटली. मिलवाल्याला जमत नाही म्हणून सांगून टाकलं. कवेलू गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकाम्या हाताने त्यांच्याकडे गेलो. मला पाहून दिवाणजी लगबगीने स्टूल ओढून वर चढले.

"कोनतं साल काढू?"

"कोणतंच नको," मी म्हटलं. "असाच आलो."

आढ्याकडे गेलेला हात तिथेच थांबला. मग ते जपून खाली उतरले, चटई झटकली, आणि एकदा झटकलेलीच पुन्हा झटकली.

"मंग बसा," ते म्हणाले. "घाई त नाही ना?"

घरी चाळीस वह्या तपासायच्या पडल्या होत्या. मी म्हटलं, "नाही, काही घाई नाही."