बिजलीचं खोगीर

सदाशिवरावांकडे आलेला पाहुणा चपला दाराबाहेर काढायचा खरा, पण बसलेला असेपर्यंत त्याचा एक डोळा दाराकडे असायचा. दिग्रसमध्ये याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. माणूस सज्जन, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण मऊ चामड्याचा तुकडा दिसला की त्यांची बोटं शिवशिवायची. घरातल्या फळीवर त्यांचे वीत-वीतभर घोडे उभे होते: लाकडी, पितळी, मातीचे, आणि जत्रेत घेतलेला एक कागदाच्या लगद्याचा. प्रत्येकाला खोगीर, लगाम, रिकिबी, शेपटीखालची दुमची, सगळं जिथल्या तिथे. एवढ्याशा घोड्याला चामडं ते कितीसं लागणार? पण तेवढ्यापायी त्यांच्या पत्नीची, विजयमालाबाईंची, माहेरून आलेली पर्स गेली होती आणि भजनी मंडळाच्या पेटीचा भाता सुटला होता.

"लग्नातबी पायीच आले," विजयमालाबाई म्हणायच्या, "अन् घरात पागा बांधून राह्यले."

तो काळ टांग्यांच्या पडतीचा होता. गावात एस्टी येऊ लागली आणि टांग्याच्या अड्ड्यावर घोड्यांपेक्षा माशा जास्त झाल्या. टांगेवाला नासिर शेवटपर्यंत टिकून राहिला, पण त्यालाही अखेर आपली घोडी, बिजली, दारव्ह्याच्या एका वरातवाल्याला द्यावी लागली. तो स्वतः सायकलच्या दुकानात पंक्चर काढू लागला. त्याची मुलगी सईदा लहानपणी बिजलीच्या पाठीवर बसून तिला नाल्यावर पाणी पाजायला न्यायची. बिजली गेली त्या दिवशी ती जेवली नाही, आणि तिला समजवायला गेलेला नासिरही तसाच उपाशी झोपला.

साठ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सईदाचा निकाह ठरला. सासर केळापूरचं. नासिर सदाशिवरावांकडे आला आणि त्याने खिशातून जुन्या लगामाची पट्टी काढली.

"बाबू, बिजलीचं एवढंच रायलं. लहानी बिजली करून द्या. पोरगी मोटारीनं जाईन, पन बिजली तिच्यासंगं गेली पायजे."

सदाशिवरावांचे डोळे भरून आले. असं काम त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सुताराकडून सागवानी घोडी घडवून घेतली, कपाळावरची पांढरी चांदणी स्वतः रंगवली, त्या पट्टीतून लगाम कापला. पट्टी तेवढ्यातच संपली. राहिलं खोगीर. त्यासाठी हवं होतं लोण्यासारखं चामडं.

देव देतो तेव्हा कुत्र्याच्या तोंडूनही देतो. समोर नानाजी राहत. गल्लीतला प्रत्येक निवाडा आपणच करायचा असतो अशी त्यांची समजूत होती आणि गल्लीनेही ती कधी मोडली नव्हती. त्यांच्या ओसरीवरचा एक पंपशू कुत्र्याने उचलला आणि सदाशिवरावांच्या अंगणात आणून टाकला. परत करावा म्हणूनच सदाशिवरावांनी तो हातात घेतला. पण चामडं बोटांना लागलं आणि पुढचं त्यांच्या हातात राहिलं नाही. नानाजी आठवडाभर गावातल्या कुत्र्यांचा उद्धार करत फिरले. सदाशिवराव खाली मान घालून टाके घालत होते.

निकाहाच्या दोन दिवस आधी बिजली तयार झाली. खोगिराला जवसाचं तेल चोळलं, तर विजयमालाबाईंनी वासापायी घोडी घराबाहेर काढली. कोपऱ्यावरच्या निंबाच्या पारावर चांगलं ऊन होतं. तिथे तिला वाळत ठेवून सदाशिवराव कामावर गेले. आयुष्यभर घोडे जमवणाऱ्या या माणसाला एवढी एक गोष्ट कशी सुचली नाही, देव जाणे. आपल्याकडे झाडाखाली घोडा कोण ठेवतो? जो नवस बोलला असेल तो.

सकाळीच शेजारच्या लीलाबाई हरवलेली म्हैस शोधत तिथून गेल्या. निंबाखाली सजवलेला घोडा पाहून त्या थबकल्या. ही जागा जागृत असल्याचं आपल्याला कोणी सांगितलंच नाही, याचं त्यांना जरा वाईट वाटलं. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं आणि म्हशीचं गाऱ्हाणं घातलं. दुपारी म्हैस आपल्या पायांनी घरी आली.

संध्याकाळी सदाशिवराव परतले तेव्हा बिजलीच्या गळ्यात झेंडूची माळ होती, पुढे नारळांच्या करवंट्या पडल्या होत्या, आणि पारावर नानाजी व्यवस्था पाहत बसले होते. हा घोडा माझा आहे, असं सदाशिवरावांनी चाचरत सांगितलं.

"होता," नानाजी म्हणाले. "आता देवाचा झाला. वाहिलेलं कोनी परत नेते काय?"

फळीवरचा पितळी घोडा बदली देतो म्हणून पाहिलं, तर लीलाबाईंनी म्हैस पितळी घोड्याने आणली नसल्याचं लक्षात आणून दिलं. उद्या गावावर काही आलं तर कोणाच्या माथी, असंही नानाजींनी विचारलं. एवढं बोलून ते वाकले आणि त्यांनी कपाळ टेकलं, ते नेमकं खोगिरावर. सदाशिवरावांच्या अंगावर काटा आला. स्वतःच्या पंपशूला इतक्या भक्तिभावाने नमस्कार करणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

आता घोडी सोडवायला एकच वाक्य पुरेसं होतं. खोगीर जोड्याचं आहे म्हटलं की देव त्या क्षणी तिला मोकळी करणार होता. पण नानाजी सदाशिवरावांना मोकळं सोडणार नव्हते. दोन दिवस ते वाक्य त्यांच्या घशाशी आलं आणि दोन्ही दिवस त्यांनी ते गिळलं. त्या अवधीत नानाजींनी आणखी कितीदा कपाळ टेकलं, ते मोजायचं धैर्य त्यांना झालं नाही. नासिरला तर त्यांनी तोंडच दाखवलं नाही.

निकाह झाला. पाठवणीची मंडळी एस्टीच्या थांब्याकडे निघाली ती निंबाजवळूनच. सईदा पाराशी आली आणि थांबली. कुंकवाखाली झाकलेली चांदणी तिने ओळखली. मग तो लगाम. तिने हात पुढे केला आणि माळ पाहून मागे घेतला. नासिर सदाशिवरावांकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"नानाजी," सदाशिवराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, "हे खोगीर तुमच्या पंपशूचं हाये."

लीलाबाईंनी दोन पावलं मागे सरून दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "मंग माही म्हैस कोनं आनली?" त्या पुटपुटल्या.

नानाजी खाली वाकले. या वेळी नमस्काराला नाही. त्यांनी खोगीर बोटाने दाबून पाहिलं, वास घेतला.

"कोनचा पाय?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"बरोबर. उजवा घरीच हाये."

नानाजींनी एकदा सईदाकडे पाहिलं. मग त्यांनी बिजलीच्या गळ्यातली माळ काढली, घोडी उचलली आणि सईदाच्या हातात दिली. "घे माय. जोड्याचं खोगीर देवाले चालत नाई, लेकीले चालते. तुह्या आज्याच्या टांग्यातच मी नवरदेव होऊन गेलतो."

नासिरने रुमालाने घोडीच्या कपाळावरचं कुंकू पुसायला हात पुढे केला.

"रहने दो अब्बा," सईदा म्हणाली. "इसको नजर नहीं लगेगी."

एस्टी सुटली तेव्हा ती खिडकीशी बसली होती आणि मांडीवर बिजली होती. गाडी हलता हलता नासिरने सवयीने जिभेचा टकार केला, जसा तो बिजलीला निघायचा इशारा द्यायचा. मग त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने तोंड फिरवलं. त्याच्यामागे सदाशिवराव केव्हापासून डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमालाबाईंनी दार उघडलं तर उंबऱ्यावर उजव्या पायाचा पंपशू होता, नुकतंच तेलपाणी केलेला.

"हा काई कुत्र्यानं नाई आनला," त्या म्हणाल्या.

सदाशिवराव बाहेर आले. समोरच्या ओसरीवर नानाजी अनवाणी बसले होते आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत होते.

"नासिरच्या बापाचा घोडा काळा होता," ते तिकडेच पाहत म्हणाले. "एक कान जरासा वाकडा. आठवनीनं करा."