तोफेच्या वाटेवर गुलाबराव

कोणतीही वाट दिसली की गुलाबराव आधी विचारत, "इथून तोफ जाईन का?"

अमरावतीत मी शाळामास्तर आणि ते आमचे शेजारी. शेती चांदूर रेल्वेकडे, ती बटईनं दिलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेव दाराशी खोळंबला होता आणि हे हातानं मांडवाचं दार मोजत होते. "नवरदेव जाते, तोफ अडकते," असा निकाल देऊन ते पंगतीत जाऊन बसले.

त्याला कारण होतं. फार जुन्या एका लढाईत फौजेनं त्यांच्या खापरपणजाला तोफा ओढायला बैलांसकट धरून नेलं. तो चिखलदऱ्याचा डोंगर चढला आणि परत आलाच नाही.

एकोणीसशे साठच्या सुमाराला चिखलदऱ्याच्या घाटमाथ्यावर त्या मोहिमेच्या वाटेची माहिती देणारी एक खोली उघडली. मी ही बातमी सांगितली, तर गुलाबराव दुसऱ्याच दिवशी धुतलेलं धोतर नेसून दारात उभे. मोटारीत ते प्रत्येक वळणाला खिडकीतून डोकं बाहेर काढत. "इथं बैल घसरला असन पाहा मास्तर," म्हणत. कंडक्टर वैतागला.

खोलीत एक नकाशा होता, दोन गंजके गोळे होते आणि सरदारांची नावं रंगवलेला फळा. गुलाबरावांना वाचता येत नव्हतं; त्यांनी मला तो दोनदा वाचून दाखवायला लावला. मग तिथल्या तरुण कारकुनाकडे वळले.

"हे सारे घोड्यावरचे हायत. बैल कोनं हाकलले?"

"तशी नोंद नाही, काका."

"मी सांगतो नं. लिहा. कोंडू, चांदूरकडचा."

"पण याला पुरावा काय?"

"मी हाय नं."

कारकून हसेल असं मला वाटलं. पण खडू घेऊन त्यानं फळ्याच्या तळाशी लिहिलं, 'तोफेचे बैल हाकणारा कोंडू, चांदूरकडचा.' म्हणाला, "रंग आला की पक्कं करतो."

गुलाबराव माझ्या कानाशी हळूच बोलले, "माह्या मांगं त्याचं नाव घ्याले घरात कोनी नाई, मास्तर."

तेवढ्यात अकोल्याहून आलेलं एक कुटुंब आत शिरलं. त्यातल्या बाई फळा मोठ्यानं वाचू लागल्या आणि वाचत वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आल्या.

गुलाबरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, तेवढं पुन्हा वाचता का?" ते म्हणाले. "जरा सावकाश."

बाईंनी वाचलं.