समरकंदच्या यादीतलं नाव

"मॅडमना व्हेज की नॉनव्हेज?" टूर कंपनीतल्या मुलीने फोनवर विचारलं, आणि काशीराम घाडी सवयीने बोलून गेला, "नॉनव्हेज. पण सोमवार-गुरुवार नको."

फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की विमलाला जाऊन आज एकवीस दिवस झाले होते.

कांजूरमार्गच्या त्या दोन खोल्यांत विमलाने तीस वर्षं लोकांच्या साड्यांना फॉल-बीडिंग केलं, ब्लाऊज शिवले. काशीराम पवईला एका ऑफिसात लिफ्टमन होता. सुटीच्या दिवशी तो घाटकोपरच्या बाजारातून तिला फॉल आणून द्यायचा. रंगाला रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गेल्या दिवाळीत मुलगा देवेश म्हणाला, "आई, आता तुम्ही दोघं कुठेतरी फिरून या. पैशांचं मी बघतो. चारधाम करता?"

विमलाने मशीनच्या खणातून पेपरचं एक कात्रण काढून पुढे केलं. त्यावर निळे घुमट होते. खाली लिहिलं होतं, 'रेशीम मार्गाची सफर. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा. वाळवंटात उंटावरून फेरी, तंबूत मुक्काम.'

देवेश हसायलाच लागला. "अगं, उंटावर बसशील तू?"

"बसान नाय तर काय?" विमला म्हणाली. "इतकी वर्सा लोकांचा रेशीम मांडयेर घेवन बसलंय, एकदा ता इला खयसून ता तरी बघूया."

पासपोर्ट आले, नावं नोंदली गेली. आणि पौषात तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन विमला गेली.

आता त्या मुलीला परत फोन करून सांगायचं, एवढंच काम होतं. मुलीचं नाव गंधाली. स्वभावाने गोड. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. काशीरामने घसा खाकरून तयारी केली.

"काका, मॅडमना गुडघ्यांचा त्रास आहे का? म्हणजे वाळवंटात उंट द्यायचा की गाडी?"

"उंट," काशीराम म्हणाला. दुसरं काही त्याच्या तोंडातून येईचना.

घरच्यांना त्याला काही सांगावं लागलं नव्हतं, ते सगळे समोरच होते. ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसाला आपल्या तोंडाने सांगायचं, हे त्याच्यावर पहिल्यांदाच आलं होतं. शिवाय, सांगितलं की ती पोर यादी उघडणार आणि विमलाच्या नावावर काट मारणार. रेशनकार्डावरचं नाव देवेशने कमी करून आणलं होतं. बँकेतलंही झालं होतं. ही एकच यादी उरली होती, जिच्यात विमला अजून कुठेतरी जायची होती.

"बाबा, आईचं कॅन्सल केलंत ना?" देवेश दर रविवारी फोनवर विचारायचा.

"सांगतो रे."

आणि मग विमलाचा फोन वाजला.

तो फोन काशीराम रोज चार्ज करून मशीनवर ठेवायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सफरीला निघालेल्या बायकांनी 'रेशमी मैत्रिणी' नावाचा ग्रुप काढला होता आणि गंधालीने सगळ्यांचे नंबर दिले होते. ग्रुप चालवणाऱ्या बोरिवलीच्या सुगंधाबाई, रिटायर्ड नर्स. त्यांनी लिहिलं होतं, 'विमलाताई, स्वागत! तुम्ही काय करता?'

घरी पाहुणा आल्यावर दार उघडायचं नाही, हे बरं दिसत नाही. काशीरामने एका बोटाने लिहिलं, 'फॉल बीडिंग.' यात खोटं काही नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पण हे दोन शब्द वाचून त्या बायका अशा काही तुटून पडल्या, की विचारू नका. कॉटनचा फॉल आधी भिजवायचा का? पैठणीला बीडिंग करायचं की नाही? काशीराम उत्तरं देत गेला. तीस वर्षं ऐकलेलं सगळं त्याला तोंडपाठ होतं. लिहिताना वाटायचं, विमला आतून सांगतेय आणि आपण नुसते उतरवून घेतोय. आठवड्याभरात विमलाताईंना विचारल्याशिवाय ग्रुपवर कोणी रुमालसुद्धा घेईना.

मुलुंडच्या माधुरीबाईंनी टूम काढली, समरकंदच्या चौकात सगळ्यांनी एका रंगाच्या रेशमी साड्या नेसून फोटो काढायचा. 'झकास! रंग विमलाताई सांगतील.'

काशीरामने कपाट उघडलं. विमलाची एकुलती एक रेशमी साडी घडी घालून ठेवलेली होती. त्याने लिहिलं, 'मोरपंखी.'

चार दिवसांत अकरा बायकांनी अकरा मोरपंखी साड्या घेतल्या.

त्याच आठवड्यात सुगंधाबाईंनी ग्रुप सोडून एकट्या विमलाला लिहिलं. 'ताई, कोणाला सांगू नका. हे गेल्यापासून मी उंबरठ्याबाहेर एकटीने पाऊल टाकलेलं नाही. पैसे भरलेत, पण रोज वाटतं नको जायला. तिकडे मला कोण?'

या प्रश्नाचं उत्तर विमलाने कधी काशीरामसमोर दिलेलं नव्हतं. शेवटी त्याने स्वतःच्या अकलेने लिहिलं, 'घाबरू नका. मी आहे.'

पाठवल्यावर मात्र त्याने फोन मशीनवर उलटा ठेवला.

आता बायकांना विमलाताईंशी बोलायचं होतं. फोन वाजत राहायचा, काशीराम त्याच्याकडे बघत बसायचा. त्याने लिहिलं, 'आवाज बसलाय.' लगेच हळद-दूध आलं, ज्येष्ठमध आलं, लवंग भाजून चघळायचा सल्ला आला. पंधरा दिवस झाले तरी आवाज सुटेना, तेव्हा सुगंधाबाईंमधली नर्स जागी झाली. एका दुपारी मेसेज आला, 'मी आणि माधुरी तुमच्या बिल्डिंगखाली आहोत. गंधालीकडून पत्ता घेतला. घसा बघून जाते.'

काशीरामची वाट लागली. समोरच भिंतीवर विमलाचा फोटो, त्याला चंदनाचा हार. त्याने स्टुलावर चढून फोटो उतरवला. कपाटात मावेना, तेव्हा पलंगाखाली सरकवला. तेवढ्यात बेल वाजली.

"विमलाताई कुठायत?" माधुरीबाईंनी आत येत विचारलं. बाई उंच, आवाज त्याहून उंच.

"आत झोपल्येय."

"झोपू दे, झोपू दे. हळू बोलते मी." हे त्यांनी खालच्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "हा हार कसला हो?"

काशीरामने वर पाहिलं. फोटो उतरवताना हार खिळ्यालाच राहिला होता.

"तो... तो वाळत घातलाय."

"चंदनाचा हार?"

"दमट हवा आहे ना," काशीराम म्हणाला.

हाराच्या आत भिंतीचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता, त्याच्याकडे सुगंधाबाई बघत राहिल्या. माधुरीबाईंनी मात्र पिशवीतून साडी काढून टेबलावर पसरली. "बघा, ताईंच्या एका शब्दाखातर घेतली. अख्ख्या बोरिवली-मुलुंडात मोरपंखी शिल्लक ठेवली नाही आम्ही. उठल्या की दाखवा त्यांना."

काशीरामने त्या पसरलेल्या साडीच्या काठाला हात लावला.

"विमला पौषात वारली," तो म्हणाला. "तुम्हाला लिहीत होतो तो मी."

माधुरीबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी ब्लाऊजचं माप पाठवलं ते तुम्हाला?"

"मी नीट बघितलं नाही."

"बघितलं नाही कसं? मागचा गळा किती ठेवू विचारलं, तर साडेसात इंच म्हणालात!"

"विमला तुमच्या वयाच्या बायकांना साडेसातच ठेवायची."

"माझ्या वयाच्या?"

"माधुरी, गप गं," सुगंधाबाई म्हणाल्या. मग काशीरामकडे वळल्या. "आणि घाबरू नका, मी आहे, ते कोणी लिहिलं?"

"मीच."

"तुम्ही कोण मला असं सांगणारे? त्या शब्दावर मी बॅग भरली, घाडी. तुम्हाला कळतंय का?"

सुगंधाबाईंनी फोटो मागितला. त्याने पलंगाखालून काढून दिला. त्यांनी तो पदराने पुसला, स्टुलावर चढून स्वतः खिळ्याला लावला, हार सारखा केला, हात जोडले, आणि दोघी चहा न घेता निघून गेल्या.

अर्ध्या तासाने विमलाचा फोन वाजला. 'सुगंधा यांनी तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकले.'

काशीरामने ती ओळ चार-पाच वेळा वाचली. स्मशानातून परत येतानाही त्याला इतकं रिकामं वाटलं नव्हतं. मग त्याने स्वतःच्या फोनवरून गंधालीला फोन लावला आणि न अडखळता सांगितलं, "पोरी, माझी बायको वारली. तिचं नाव काढ. माझंही काढ."

गंधाली रडायलाच लागली. शेवटी त्यालाच तिची समजूत घालावी लागली.

तिसऱ्या दिवशी सुगंधाबाईंचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"घाडी, तुम्ही नाव काढायला सांगितलंत म्हणे. मी गंधालीला थांबवलंय."

"कशाला बाई? मी तिकडे एकटा जाऊन काय करू?"

"हाच प्रश्न मी विचारला होता. उत्तर तुम्हीच दिलंत ना? मी आहे म्हणालात. मग आता या. विमानात शेजारच्या सीटवर बसा, बाकी काही नको. आणि अकरा जणींना मोरपंखीचा मॅचिंग फॉल कुठे मिळत नाहीये, तेवढं बघा."

सुगंधाबाईंनी त्याच्या उत्तराची वाटही पाहिली नाही. फोन ठेवला आणि त्याचा नंबर ग्रुपवर घेतला.

काशीरामने चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मी काशीराम घाडी. माझी बायको विमला पौषात वारली. आजवर तिच्या नावाने मी लिहीत होतो. माफी असावी. फॉल उद्या घाटकोपरहून आणतो.'

मग एकेक जोडलेले हात यायला लागले. माधुरीबाईंनी लिहिलं, 'माझा गळा नऊ करायला टाकलाय. तरी थँक्स.'

भांडुपच्या कल्पिताबाईंना मात्र ग्रुपवर आधीचं काही वाचायची सवय नव्हती. त्यांनी विचारलं, 'विमलाताई, खिव्याला सकाळी थंडी असते का हो? स्वेटर किती घेऊ?'

काशीरामने लिहायला घेतलं, 'विमला आता...' आणि खोडलं. मग लिहिलं, 'दोन घ्या. वाळवंटात पहाटे गारठा असतो म्हणे. आपला, काशीराम घाडी.'

लगेच उत्तर आलं.

'थँक्यू विमलाताई.'