वाढदिवसाची अंडी

आमच्या सोसायटीत कुणाचा वाढदिवस कधी असतो, हे त्याच्या बायकोच्या आधी वायंगणकर सरांना ठाऊक असतं. नुसता वाढदिवस नाही. लग्नाचा वाढदिवस, मुलाचं बारसं, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, नव्या गाडीची पूजा, सगळं. आणि एवढं लक्षात ठेवून हा माणूस शुभेच्छा काही देत नाही. समोर येऊन उभा राहतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि विचारतो, "मग? कितवीचा वर्ग घेताय?"

मला हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही कोपरीत नुकतेच राहायला आलेलो. मला वाटलं, गृहस्थ शिकवणीबद्दल बोलतायत.

"मी शिकवत नाही हो. डोंबिवलीला एका कंपनीत अकाउंट्स बघतो."

"शिकवायला कोण सांगतंय? जेवायला घालायचंय. मंगळवारी तुमचा वाढदिवस. पाचवी ब रिकामी आहे."

मी चक्रावलो. माझा वाढदिवस त्यांना कसा कळला? मग शोध लागला की नाक्यावरचा केकवाला त्यांचा खबऱ्या आहे. केकवर नाव काय घालायचं हे मीनलने, म्हणजे माझ्या बायकोने, फोनवर सांगितलं आणि केक भट्टीत जायच्या आधी बातमी सरांकडे पोचली. श्राद्धपक्षाच्या बातम्या गुरुजींकडून यायच्या. गाडीची बातमी वॉचमन द्यायचा.

सर दिव्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायचे. अजूनही शिकवतात. मूर्ती लहान, शर्ट कायम फिकट निळा, खांद्याला शबनम. शाळेतला पोषण आहार त्यांच्याकडे. हे काम कुणाला नको असतं, म्हणून ते वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे राहतं. तांदूळ सरकारकडून येतो. भाजी, गॅस, मसाला यांचा खर्च आधी करायचा, बिलं लावायची आणि मग अनुदानाची वाट बघायची. खिचडी रांधायचं काम वैशालीताईंच्या बचत गटाकडे. शाळेजवळच्या एका गाळ्यात चार बायका पहाटेपासून राबायच्या आणि पातेली रिक्षात घालून शाळेत आणायच्या. अनुदान लांबलं की वैशालीताई रिक्षातून उतरता उतरताच विचारायच्या, "सर, आलं का?"

"निघालंय," सर म्हणायचे.

"कुठवर आलं?"

"ठाण्यात चहाला थांबलंय. येईल हो, पाहुणा मोठा आहे, सगळ्यांच्या सह्या घेत घेत येतोय."

अनुदानाबद्दल सर असेच बोलायचे, एखाद्या तब्येतीने चालणाऱ्या मामंजींबद्दल बोलावं तसे. उशीर झाला तरी मामंजींना कधी नावं ठेवायचे नाहीत.

या आहारात आठवड्यातून एकदा, बुधवारी, अंडं असायचं. जो खात नाही त्याला केळं. मग वरून परिपत्रक आलं की अंड्यांचं अनुदान तूर्त बंद, शक्य असेल तिथे लोकसहभागातून द्यावीत. असं परिपत्रक वाचून माणूस सही करतो, फाईलला लावतो आणि वर्गावर जातो. सरही गेले. पण त्या बुधवारी मुलं ताटं घेऊन बसली, खिचडी वाढून झाली आणि तरी कुणी जेवायला सुरुवात करेना. सगळ्यांचं लक्ष पातेल्यामागे. शेवटी तिसरीतल्या एका पोरीने विचारलं, "सर, कोंबड्या संपावर गेल्यात का?"

सर म्हणाले, "हो."

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. "काय बोलणार होतो? अनुदान म्हणजे काय हे तिला कसं समजावू? म्हटलं, हो, संपावर. ती म्हणाली, मग कधी मिटणार? आता तोंडातून शब्द गेला म्हटल्यावर संप मिटवायला नको?"

परिपत्रकातला एकच शब्द त्यांनी उचलला. लोकसहभाग. "म्हणजे लोक शोधा असंच लिहिलंय ना? मी शोधतोय."

आणि त्यांनी आमची सोसायटी पिंजून काढली. हिशेब सोपा, एक कार्य, एक वर्ग. पैशाला हात लावायचे नाहीत. अंडीवाल्याकडे द्या, तो शाळेत पोचवेल. अट एकच, ज्याचं कार्य त्याने स्वतः यायचं आणि पोरांबरोबर जेवायचं. बी विंगमधल्या सावंतांनी गाडी घेतली. सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "छान आहे. किती सीटर?" सावंत कौतुकाने म्हणाले, "सेव्हन." "मग सातवी तुमची," म्हणून सर निघालेसुद्धा.

दुसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन म्हणाल्या, "सर, मी अंडा नाय देणार हां. आमच्यात चालत नाय."

"तुमच्याकडे अंडी मागायला आलंय कोण? अंडं न खाणारी पोरं आहेत माझ्याकडे, दर बुधवारी दुसऱ्यांच्या ताटाकडे बघत बसतात. त्यांना केळी द्या, गरम दूध द्या. त्यांना कोण आहे तुमच्याशिवाय?" शहाबेन तेव्हापासून नातीच्या वाढदिवसाला, दिवाळीला, पर्युषण संपलं की, आणि मग काही नसतानाही केळ्यांचे घड पाठवू लागल्या. वेलची घातलेलं दूध किटल्या भरभरून गेलं.

श्राद्धाच्या घरीही ते तितक्याच मोकळेपणाने शिरायचे. "गच्चीवर उन्हात कावळ्याची वाट बघत उभे राहता. माझ्याकडे या. माझे कावळे घंटा झाली की हजर." कुणाला राग आला असं मला आठवत नाही. उलट एका घरी माहेरवाशिणी रडायच्या थांबून हसायला लागल्या.

चुकवणारेही निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या गोडबोल्यांनी सरांना गाठून स्वतःच सांगितलं, "माझा वाढदिवस एकोणतीस फेब्रुवारीचा हो. चार वर्षांनी येतो."

सर म्हणाले, "म्हणजे मधल्या तीन वर्षांची थकबाकी आहे."

मला मात्र वेगळंच कुतूहल होतं. हा माणूस या सगळ्यातून नेमकं काय मिळवतो? कुणाच्या घरी केक खात नाही. चहासुद्धा उभ्यानेच. "कितवी?" विचारलं, उत्तर मिळालं, की चप्पल पायात. राहतात एकटे, तळमजल्यावर. त्यांच्या घरात गेलेला माणूस मला सोसायटीत कुणी भेटला नाही. माझ्या वाढदिवसाला अंडी गेली होती, पण पंगतीला जायचं राहिलं होतं; म्हणून एका बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि दिव्याला गेलो.

त्या दिवशी शाळेत आणखी एक पाहुणे होते. बाळाशेठ भोईर. तिथलेच जुने जमीनवाले. बाप-आजे भातशेती करायचे, आता त्या शेतांवर इमारती उभ्या आहेत. नातवाचा वाढदिवस म्हणून शेठनी अख्ख्या शाळेला पुरतील इतकी अंडी आणलेली. सोबत फोटोग्राफर आणि नातवाचा गॉगल घातलेला फोटो छापलेला मोठा बॅनर.

"सर, पोरांना बॅनरखाली उभी करा," बाळाशेठ म्हणाले. "येकेकाचे हातान अंडा द्या. मस्त फोटो येल."

मुख्याध्यापिका बाई सरांकडे बघू लागल्या. मीही. पोरांनी हातात अंडं धरून फोटोला उभं राहायचं, हे सरांना रुचणार नाही हे दिसतच होतं. पण अंडी तर आलेली, उकडून पातेल्यात वाफाळतही होती. नाही म्हणावं तर पुढच्या बुधवारची वाट बंद.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काढू की फोटो. आधी जेवू. पोरं भुकेली असली की फोटोत डोळे मिटतात."

आणि शेठचा हात धरून त्यांनी त्यांना थेट पंगतीत बसवलं, जमिनीवर, त्याच तिसरीतल्या पोरीशेजारी. पलीकडे फोटोग्राफरला. त्याच्या पलीकडे मी. वैशालीताईंनी सगळ्यांना सारखीच खिचडी आणि एकेक अंडं वाढलं.

बाळाशेठनी अंडं ताटावर आपटलं आणि सोलायला लागले. टरफलाबरोबर अर्धं पांढरंही निघालं. पोरगी बराच वेळ बघत होती. मग न राहवून म्हणाली, "आजोबा, असं नाय. आधी हातात गोल गोल फिरवायचं. द्या इकडे."

तिने ते सोलून शेठच्या ताटात ठेवलं. "तुमचा वाढदिवस आहे?"

"नाय गो, माजे नातवाचा."

"मग तो का नाय आला? त्याला अंडं आवडत नाय?"

शेठनी सोललेलं अंडं मोडलं. म्हणाले, "आवडतंय. तो तिकरं ठाण्याला मोठे शालेत हाय."

"तिकडे मधल्या सुट्टीत सगळे एकत्र जेवतात?"

"ते काय मना म्हाईत नाय, बाय," असं म्हणून शेठ खाली मान घालून खिचडी खाऊ लागले.

फोटो शेवटी काढला, पण पंगतीतच, फोटोग्राफरचं स्वतःचं दुसऱ्यांदा वाढून घेऊन झाल्यावर. त्यात शेठच्या मिशीला पिवळा बलक लागलेला होता, त्यामुळे तो कुठल्याच चौकात लागला नाही. पुढच्या बुधवारी शेठ पुन्हा आले. बॅनर नव्हता. बरोबर नातू होता, गॉगलशिवाय. त्याला त्यांनी पोरीशेजारी बसवलं आणि स्वतः वाढायला उभे राहिले.

मधे कुणीतरी तक्रार केली की एक शिक्षक घरोघर देणग्या गोळा करतो. चौकशीला एक साहेब आले. सरांनी पैशाला हात लावलेला नव्हता, त्यामुळे साहेबांना दाखवायला हिशेबच नव्हता. साहेब भिंतीला टेकून पंगत बघत राहिले. निघताना सरांनी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. परत आले ते खुशीत. "साहेबांच्या मुलीचा वाढदिवस श्रावणात आहे. दुसरी अ."

असं बरेच दिवस चाललं. आणि मग एका संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर सर मला दिसले. मी हाक मारली.

"आलं," ते म्हणाले.

"कोण आलं?"

"अनुदान. अंड्यांचंही परत सुरू झालं. बचत गटाची मागची बिलंही निघाली. वैशालीताईंनी शाळेत पेढे वाटले."

"अरे वा! जिंकलात की सर."

"हो ना," ते म्हणाले. "चांगलं झालं. हे सरकारनेच करायचं असतं. पोरांचं जेवण कुणाच्या वाढदिवसावर अवलंबून राहता कामा नये." बोलणं अगदी बरोबर होतं. पण ते पुलाच्या कठड्याला हात लावून उभेच राहिले. मला वाटलं, दमले असतील.

त्यानंतर सर सोसायटीत दिसेनासे झाले. म्हणजे जाता-येता दिसायचे, मान हलवायचे, पण थांबायचे नाहीत. सावंतांच्या मुलीचं लग्न ठरलं, सरांनी कितवी म्हणून विचारलं नाही. गोडबोले मला म्हणाले, "माझी थकबाकी माफ झाली वाटतं," पण त्यांच्या बोलण्यात मजा नव्हती. एकदा शहाबेन जिन्यात थांबल्या. "सर नाय आले या टायमाला? नातीचा बर्थडे झाला. मी केळी आणून ठेवली होती. काळी पडली सगळी."

माझाही वाढदिवस गेला. केकवर मेणबत्त्या लावताना मीनल म्हणाली, "कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटतंय ना?"

रविवारी मी तळमजल्यावर गेलो. सरांनी दार उघडलं, मला बघून चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काय काम होतं?"

"काही नाही. सहज आलो."

"सहज?"

"हो. सहज."

ते गडबडले. दारातून बाजूला व्हायचंही त्यांना सुचेना. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते बसत असावेत, दुसरीवर वर्तमानपत्रांचा ढीग. तो उचलून कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून त्यांनी तो पलंगावर ठेवला, मग पलंगावरून जमिनीवर. "दूध नाहीये. मी कोराच पितो. बसा, आणतो," म्हणत ते चपला घालून बाहेर पडले आणि मी त्यांच्या घरात एकटाच बसून राहिलो. परत आले ते दूध, खारी, फरसाण, बिस्किटांचे तीन प्रकार आणि वडापाव घेऊन. एका माणसासाठी एवढं आणायचं नसतं, हे त्यांना माहीत नसावं.

चहा झाल्यावर जरा स्थिरावले. "आई होती तेव्हा लोक सहज यायचे," ते म्हणाले. "तिच्याकडे. ती पण जायची. तासन्‌तास. मला ते कधी जमलं नाही हो. काही मागायचं असलं ना, की मी कुणाच्याही घरी जाऊ शकतो. मुख्यमंत्र्यांच्याही जाईन. पण नुसतं जाऊन बसायचं म्हणजे... काय बोलायचं?"

"मग मागा काहीतरी."

"आता काय मागू? अनुदान आलं."

मला पटकन सुचलं ते मी बोललो. "साखर मागा. शेजारी शेजाऱ्याकडे काय मागतो? वाटीभर साखर."

सरांनी गंभीरपणे विचार केला. "साखर आहे माझ्याकडे. डबाभर."

"असू दे. तरी मागा."

ते हसले नाहीत. खारीचे तुकडे बशीत गोळा करत राहिले. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पुन्हा या." हे शब्दही त्यांनी जपून, कुणाची तरी वस्तू हाताळावी तसे, उच्चारले.

पुढच्या रविवारी आमचं दार उघडंच होतं. मीनल मेथी निवडत बसलेली. मी वर बघितलं तर उंबऱ्यात वायंगणकर सर. इस्त्रीचा फिकट निळा शर्ट आणि हातात स्टीलची रिकामी वाटी, लख्ख घासलेली.

"साखर," ते म्हणाले. आणि मग आणखी काही म्हणायला हवं असं वाटून, "थोडी."

मीनलने माझ्याकडे बघितलं. मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. ती उठली, सरांच्या हातातून वाटी घेतली आणि आत नेऊन ओट्यावर ठेवली. बाहेर येऊन तिने मेथीच्या दोन जुड्या त्यांच्यापुढे सरकवल्या.

"देते. आधी ह्या निवडायला बसा," ती म्हणाली.

सरांनी चपला काढल्या, बाहेर भिंतीलगत नीट जोडून ठेवल्या आणि ते आत येऊन बसले.