रावजींची ट्रायल

गंगापूर नाक्याच्या चढावर रंगनाथ मोगलांच्या सायकलीनं ‘कडाड्’ असा आवाज काढला, पायडल मोकळंच फिरलं आणि रंगनाथराव थेट शेवंतीच्या पाटीशेजारी येऊन बसले. पाटी सखुबाईची होती. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं घेऊन ती रोज तिथं बसायची.

“बसा की,” ती शांतपणे म्हणाली, “पण फुलं सोडून बसा.”

सायकल साधी असती तर रंगनाथरावांनी कपडे झटकून ती कोपऱ्यावरच्या दुकानात टाकली असती. नव्वदच्या दशकातलं नाशिक ते. कारखान्याची पाळी सुटली की सातपूरच्या रस्त्यावर काळ्या सायकलींचा लोंढा वाहायचा आणि पंक्चर काढणारा प्रत्येक वडाखाली सापडायचा. पण ही माउंटन बाइक होती. अठरा गिअरची, जाड टायरची, गर्द निळी. मेहुणा समाधान मस्कतला नोकरीला होता. मागच्या सुट्टीत त्यानं ती मुंबईहून आणली आणि, “दाजी, पोट कुठं चाललंय बघा, त्याच्या आधी तुम्ही निघा,” असं म्हणून त्यांच्या हातात दिली.

रंगनाथराव सायकलीवर दूध आणायला जायचे. फोनवर मात्र समाधानला सांगायचे, “अरे, रोज पांडवलेण्यापर्यंत जाऊन येतो!”

आता भरवशाचा कारागीर शोधणं आलं. रविवार कारंजावरच्या पहिल्या मिस्त्रीनं मागच्या दातेरी चकत्यांकडे बराच वेळ पाहिलं. “साहेब, हे सगळं काढून टाकू. एकच ठेवू. माणसाला बायको एक, सायकलला चक्कर एक. डोक्याला ताप नाय.” रंगनाथरावांनी सायकल उचलली. दुसऱ्या दुकानदारानं, “ठेवून जा, बघतो,” म्हटलं. पण त्याच्या मागं भिंतीला टांगलेले चाकं नसलेले सांगाडे पाहून, हेही कुणीतरी ‘ठेवून गेलं’ असणार, हे रंगनाथरावांनी ओळखलं. तिसऱ्यानं मनापासून तेल घातलं. साखळीला घातलं, गिअरला घातलं आणि हात लागला म्हणून ब्रेकलाही घातलं. परतीच्या उतारावर रंगनाथराव शालिमारला न थांबता पुढच्या चौकातल्या रसवंतीत शिरले.

“अहो, त्यापेक्षा विकून टाका ना,” त्यांच्या पत्नी मंजुषाताई खरचटल्यावर हळद लावता लावता म्हणाल्या. “नाहीतरी तिच्यावर दुसरं माणूस बसायची सोय नाही. मला काय तिचा उपयोग?”

“समाधान काय म्हणेल?” रंगनाथराव कण्हत म्हणाले.

शेवटी कचेरीतल्या एकानं पंचवटीतल्या रावजींचं नाव सांगितलं. “प्रामाणिक माणूस. मनासारखं काम झाल्याशिवाय सायकल हातात देणार नाही.” रंगनाथरावांना एवढंच हवं होतं.

रावजी पन्नाशीचे, जाड भिंगाचे, आणि सायकलीच्या हँडलइतके रुंद. त्यांनी आधी हात धुतले, मग सायकलीला हात लावला. रंगनाथरावांना भरून आलं.

“अशी गाडी मी कधी खोलली नाय,” रावजी म्हणाले. “खोटं कशाला बोलू? पण बघतो. आणि ट्रायल घेतल्याबिगर आपण गाडी देत नाय. चालंल?”

“चालेल म्हणजे काय! घ्या, हवी तेवढी ट्रायल घ्या.”

हे वाक्य त्यांना फार महागात पडलं.

आठवड्यानं ते गेले तेव्हा गिअर झकास बसले होते. “पण चढाची ट्रायल राहिली,” रावजी म्हणाले. “पंचवटीत चढ कुठाय? म्हसरूळला चामरलेण्याकडं जाऊन येतो.” पुढच्या वेळी उताराची राहिली होती. त्याच्या पुढच्या वेळी दुकानच बंद होतं, कारण लांब पल्ल्याची ट्रायल घ्यायला रावजी विंचूरला बहिणीकडं गेले होते आणि बहिणीनं त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं होतं.

मग सायकल साऱ्या शहरात दिसू लागली. “मोगल, तुमची निळी सायकल काल गंगेच्या घाटावर पाहिली,” कचेरीत कुणी सांगे. “धरणावर होती की!” दुसरा म्हणे. सखुबाईनं तर पाटीमागूनच आवाज दिला, “ओ भाऊ, तुमची सायकल आत्ता इकडनं गेली. तुमच्यापेक्षा बरी चालवत होता तो!”

अशात मस्कतहून फोन आला. “दाजी, रविवारी सकाळी पोचतो. सायकल पुसून ठेवा.”

शनिवारी रंगनाथराव धापा टाकत पंचवटीत पोचले. दुकानाला कुलूप. मागच्या खोलीतून रावजींच्या पत्नी, भागीबाई, बाहेर आल्या.

“ते त्र्यंबकला गेलेत.”

“ट्रायलला?” रंगनाथराव खाली बसले. “वहिनी, माझी सायकल मला द्या हो! उद्या मेहुणा येतोय.”

भागीबाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. “भाऊ, रागावू नका. हा माणूस दिवसभर दुसऱ्याच्या सायकली दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी पत्ते कुटत बसायचा. गुडघा दुखतो म्हणून मला कधी रामकुंडापर्यंतबी न्यायचा नाय. आता पहाटे उठतो, शीळ घालतो. परवा मला सायकलवर सोमेश्वराच्या देवळात नेलं. लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा.” त्या पदराआड हसल्या. “उद्या घेऊन येतील. मी सांगते.”

रंगनाथराव भांडायला आले होते. चहा पिऊन परतले. वाटेत मात्र एक शंका त्यांना टोचत राहिली. भागीबाई बसल्या कुठं असतील?

उत्तर रविवारी मिळालं. समाधानची बॅग दारात टेकते न टेकते तोच गल्लीत घंटी वाजली. नाना रंगांचे रबरी गोंडे फडफडवत निळी सायकल अवतरली. तिला मागं दणकट कॅरिअर होतं, कॅरिअरवर भागीबाई होत्या. चिखल अडवायला लाल रबर, पुढं डायनामोचा दिवा, खाली दुहेरी स्टँड. दिव्याला झेंडूची माळही होती.

रावजींनी सायकल स्टँडला लावली. “घ्या रंगनाथभाऊ. डबलसीटचीबी ट्रायल झाली. आता काय राह्यलं नाय.”

समाधान बॅग तिथंच सोडून पुढं आला. “दाजी, माउंटन बाइकला कॅरिअर? जगात कुणी लावलंय का? आणि तुम्ही म्हणे पांडवलेण्याला…”

“तिथं मी गेल्तो,” रावजी प्रामाणिकपणे म्हणाले. “दोनदा.”

रंगनाथराव रुमालानं सायकल पुसू लागले. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मंजुषाताईंनी तो भावाच्या हातात दिला, सायकलीभोवती एक फेरी मारली, कॅरिअर हातानं दाबून पाहिलं आणि बसल्या.

“समाधान,” त्या म्हणाल्या, “ही सायकल घरात आल्यापासून मला बसायला जागा आज मिळाली. तू त्या दोघांना चहा दे. चला हो.”

“कुठं?” रंगनाथरावांनी विचारलं.

“जिथं भागीबाई जाऊन आल्याचं काल तुम्ही सांगितलंत, तिथं.”

गंगापूर रस्त्यावर तेव्हा दोन्ही बाजूंनी झाडं होती आणि झाडांमागं द्राक्षांचे मळे. आता तिथं नुसते मजले आहेत. त्या थंडीच्या सकाळी मात्र रस्त्यावर एक बैलगाडी, एक दूधवाला आणि घामानं निथळणारे रंगनाथराव एवढेच होते. रावजींचं काम चोख होतं. गिअर लोण्यासारखे बदलत होते, साखळीचा आवाज नव्हता. सगळी धाप एकट्या रंगनाथरावांची होती. दोन ठिकाणी ते थांबले, एका ठिकाणी झाडाला धरून उभे राहिले. सोमेश्वरला पोचल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं, देव नंतर.

दर्शन झालं, धबधबा पाहून झाला, भाजलेल्या शेंगा संपल्या. परत निघायच्या नुसत्या कल्पनेनंच रंगनाथरावांच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. मंजुषाताईंनी ते पाहिलं. भाऊ येणार म्हणून त्यांनी नवा पंजाबी ड्रेस घातला होता. त्याची ओढणी त्यांनी कमरेला घट्ट बांधली.

“मागे बसा.”

“म्हणजे? चालवणार कोण?”

“मी. कळवणला शाळेत सायकलनंच जात होते. बाबांच्या, मधल्या दांडीखालून पाय घालून. एवढ्या वर्षांत तुम्ही कधी विचारलंत का?”

रंगनाथरावांनी इकडंतिकडं पाहिलं. मग निमूटपणे कॅरिअरवर बसले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. पाय तर जमिनीलाच लागत होते.

“पाय वर घ्या, घासताहेत,” मंजुषाताई म्हणाल्या आणि सायकल निघाली. आधी थोडी डुगडुगली, मग सरळ झाली. दोन वळणांत त्यांना गिअर कळले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून रंगनाथरावांनी मान खाली घातली होती, पण थोड्या वेळानं वारा लागला, द्राक्षांच्या मळ्यांचा ओला वास आला आणि त्यांनी मान वर केली.

“मंजुषा, उतार आहे,” ते म्हणाले. “ब्रेक लाव.”

आनंदवल्लीच्या त्या अख्ख्या उतारावर मंजुषाताईंनी ब्रेक लावला नाही.