सदरहू बालिकेचा रात्रीचा मुक्काम

आईबापांचं प्रेम मोजता येत नाही, असं थोर लोक सांगून गेले. संगोपन-खर्च विभागाने हे विधान तपासून त्यात किरकोळ दुरुस्ती केली: मोजता येतं, फक्त रात्रींत मोजावं लागतं.

नियम सोपा, म्हणून न्याय्य. आईबाप वेगळे झाले की मूल ज्याच्याकडे कमी झोपतं, त्याने दुसऱ्याला खर्च द्यायचा. रात्री वाढल्या की खर्च घटतो. (दिवस धरत नाहीत. दिवसा मूल जागं असतं आणि प्रश्न विचारतं.)

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांकडे त्यांची मुलगी शनिवारची झोपायला यायची. तेवढं त्यांना पुरत होतं. पण एकदा विभागाच्या खिडकीवरच्या बाई सहज बोलून गेल्या, "आठवड्याला तीन रात्री केल्यात तर हप्ता निम्म्यावर येईल," आणि गृहस्थांच्या पितृहृदयाला पाझर फुटला. त्यांनी ताबडतोब पलंग घेतला. "पोरीवाचून घर खायला उठतं हो," असं ते गिऱ्हाइकांचे नंबर तपासता तपासता सांगू लागले.

मुलीची आई दातांच्या दवाखान्यात कामाला होती. बाप लेकीकडे ढुंकूनही बघत नाही, ही तिची जुनी तक्रार. तो बघू लागताच ती हादरली. "आत्ताच कुठून आला एवढा उमाळा?" असं तिने रीतसर, लेखी विचारलं. अखेर तीन रात्री मंजूर झाल्या. (चौथीवर आईने पहारा बसवला.)

त्या तिन्ही संध्याकाळी गृहस्थ दुकानातच असत. मुलगी शेजारच्या काकूंकडे जेवे आणि येऊन झोपे. नियमाचा भंग कुठेही नव्हता. एकदा ते पांघरूण घालायला गेले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी झोपले की तुमचं काम झालं ना?"

दिवा मालवून गृहस्थ बराच वेळ दारात उभे राहिले. (उभं राहिलेलं धरत नाहीत.)

पुढच्या आठवड्यात मुलगी दप्तर घेऊन आत्याकडे गेली ती परतलीच नाही. आत्याची लॉन्ड्री होती. विभागाने तत्परतेने कळवलं: सदरहू बालिकेचा मुक्काम आता तिसऱ्या व्यक्तीकडे असल्याने दोन्ही पालकांनी त्या व्यक्तीस खर्च द्यावा.

वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले आईबाप दुसऱ्याच दिवशी लॉन्ड्रीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"ताई, पोरीची जागा आईबापापाशी," गृहस्थ म्हणाले.

"वन्सं, आमचा जीव तुटतो हो तिच्यासाठी," आई म्हणाली. 'आमचा' हा शब्द दोघांनीही बऱ्याच काळाने ऐकला.

आत्याने इस्त्री उभी केली. "मला तुमचा पैसा नको. तसं लिहून देते. पोर राहू दे माझ्याकडे."

आईबापांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिचं मन रमत असेल, तर मध्ये येणारे आपण कोण?" आई म्हणाली.

"शेवटी मुलांचं सुख महत्त्वाचं," गृहस्थ म्हणाले.

आत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून मुलगी गृहपाठ करत होती. तिने मान वर करून पाहिलं. 'चल घरी' म्हणावं, असं गृहस्थांच्या अगदी ओठांवर आलं. पण तोवर आत्याने सही केली होती, आणि सहीनंतर मजकुरात भर घालता येत नाही.

विभागाने हे प्रकरण आदर्श तडजोड म्हणून बंद केलं. कुणाचीच तक्रार नाही. मुलगी कितवीत होती, तिला काय आवडायचं, ती आत्याकडेच का गेली, हे आम्ही सांगितलं नाही आणि वाचकहो, आपणही विचारलं नाहीत. हप्ता निम्मा म्हणजे नेमका किती झाला, हे मात्र आपल्या मनात येऊन गेलं असेल. या सहकार्याबद्दल विभाग आपला आभारी आहे.