भाच्याचं तिसरं मागणं

नवा लॅपटॉप घ्यायचा हे मी ठरवलं, एवढाच काय तो या प्रकरणात माझा हात. (बाकीचं आपोआप होत गेलं.) जुन्यावर रणगाड्यांचा खेळ खेळताना शत्रूचा रणगाडा आणि गवताची गंजी यांतला फरकच कळत नसे. हिवाळाभर मी गंज्यांवर तोफा डागल्या. त्यात आमच्या पाव्लोदार शहराची वीज हवा बिघडली की जाते, म्हणजे बॅटरीही दमदार हवी.

दुकानदाराने विचारलं, "काका, ग्राफिक्स हवं की बॅटरी?"

"दोन्ही."

"शर्यतीचा घोडा हवा आणि त्याने चारा खायचा नाही, असं कसं चालेल?"

डोकं फिरलं माझं! सगळी दुकानं पालथी घातली. ज्याचं चित्र झकास, त्याची बॅटरी चहा निवायच्या आत मान टाकायची. अखेर दोन्ही असलेला एक सापडला. पडद्यावर गवताचं पातं न् पातं दिसलं आणि मला अक्षरशः भरून आलं.

तेवढ्यात बायको झौरेश म्हणाली, "अहो, उद्या मार्गुलान जेवायला येतोय."

मार्गुलान माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. ट्रक चालवतो, माझ्या दुप्पट आहे आणि वयानेही मोठा आहे. भाच्याने मामाकडे तीनदा काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत. पहिल्या मागण्यात त्याने माझं चांदीने मढवलेलं खोगीर नेलं. (माझ्याकडे घोडा नाही, पण म्हणून काय झालं?)

"लॅपटॉप लपव," मी म्हणालो.

"भाचा आहे तो, चोर नाही!"

"चोराला नाही म्हणता येतं!"

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी लॅपटॉप गोधड्यांच्या चळतीत, लाल गोधडीच्या घडीत सरकवला.

मार्गुलान पोटभर जेवला. "मामा, लॅपटॉप घेतलास म्हणे?"

"खटारा निघाला रे. परत केला."

"अरेरे!" म्हणत तो गोधड्यांना टेकला. "मामी, ही लाल तुझ्या हातची ना? ट्रकमध्ये पाठ गारठते गं. मामा, मला ही दे."

"ती नको!" मी ओरडलो. "तिच्यात... ढेकूण आहेत!"

"माझ्या गोधडीत ढेकूण?" झौरेशचा आवाज चढला. "मार्गुलान, आत्ताच्या आत्ता घेऊन जा ती!" आणि तिने घडी न मोडता ती दोरीने करकचून बांधली.

"लोकर भरपूर भरलीस हं मामी," गठ्ठा उचलत तो म्हणाला.

बोलावं तर खोटं उघडं पडतं, न बोलावं तर लॅपटॉप जातो. माझा निर्णय होईपर्यंत ट्रक निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी सेमेयहून त्याचा फोन आला. "मामा! गोधडी मागितली तर आत लॅपटॉप घालून दिलास! आणि तोंडाने म्हणतोस, परत केला! काय रे तुझं मन! ग्राफिक्स तर अफलातून, आणि बॅटरी दिवसभर पुरली!"

"आवडला ना?" (दुसरं काय बोलणार?)

"तो तू आपणहून दिलास, म्हणून मागण्यात धरला नाही. खोगीर एक, गोधडी दोन. तिसरं आता मागतो."

"माग बाबा."

"चार्जर."

बाकीच्यांना लोक मामा बनवतात. मी जन्मालाच मामा होऊन आलो.